पांढऱ्या शेतात उभं राहिलो त्याची हकीकत

तीर्थरूप काकांच्या पायांवर डोकं ठेवून (गुडघे सुजलेत असं कळलं, म्हणून अगदी हलकेच ठेवून) पुतण्याचा नमस्कार.

तुमचं पत्र पोचलं. गुडघ्यांना शेक घेता का? जिना उतरता, की अजून तिसऱ्या मजल्याच्या खिडकीत बसून खालच्या वाहतुकीला शिस्त लावता? काकूंचा खोकला थांबला असेल, कारण तुमच्या पत्रात या वेळी त्याच्याबद्दल एकही तक्रार नाही. आम्ही इथे ठीक आहोत. 'ठीक' हा शब्द मी आधी खोडला होता, पण दुसरा सुचेना, म्हणून पुन्हा तोच लिहिला. त्यावरून काय ते समजून घ्या.

तुम्ही विचारता, की सुनेने शेताला पांढरी चादर पांघरली आणि पुतण्या त्यात भूत होऊन उभा राहतो, हे जे शहरात ऐकू येतं आहे, ते काय प्रकरण आहे? काका, लोक राईचा पर्वत करतात हे आपल्याला ठाऊकच आहे. पण या वेळी झालं उलटंच. होता तो पर्वतच, लोकांनी बिचाऱ्यांनी भीतीपोटी त्याची राई करून सांगितली. म्हणून सगळं पहिल्यापासून लिहितो. चहा घेऊन बसा, आणि शक्य असेल तर भिंतीला पाठ लावून बसा. मी हे लिहिताना तसाच बसलो आहे.

पूर आला तो भर दुपारी, आणि आवाज न करता. मी दुकानात (म्हणजे आपल्या पुढच्या खोलीतच, अजून तिथेच घड्याळं दुरुस्त करतो) एक मनगटी घड्याळ उघडून बसलो होतो. डोळ्याला भिंग लावलेलं, त्यामुळे मला जगातलं फक्त एक दातेरी चाक दिसत होतं. पायाला गार लागलं तेव्हा खाली पाहिलं, तर माझ्या चपला माझी वाट न बघता दाराबाहेर निघाल्या होत्या. आपलं घर उंचावर, त्यामुळे सगळी आळी आपल्या माळ्यावर आली. तुमच्या सुनेने आधी बियाण्यांच्या बरण्या वर नेल्या, मग शेजाऱ्यांना, मग मला. (हा क्रम मी विसरलेलो नाही.) कोपऱ्यावरचा शिंपी कात्री आणि गळ्यातली टेप तेवढी घेऊन आला होता आणि हंबरडा फोडत होता, "माझा माणूस खाली राहिला हो!" आम्ही सगळे रडलो. बायकांनी त्याला पाणी पाजलं. पाणी उतरायला लागल्यावर कळलं, की माणूस म्हणजे दुकानातला कपडे चढवायचा पुतळा, तोही बिनडोक्याचा. बायकांनी पाण्याचा तांब्या परत घेतला.

पाणी ओसरलं, पण सगळीकडे सारखं ओसरलं नाही. शेताच्या आमच्या तुकड्यातलं पाणी जमिनीने पिऊन टाकलं. तुमची सून इतकी वर्षं तिथे पाचोळा, पेंढा, भाजीची देठं, काय काय पसरत आली आहे, आणि बांधावर झुडपांची गर्दी माजवली आहे. (तुम्हीच म्हणायचात, की सूनबाईचं शेत म्हणजे न विंचरलेलं डोकं.) पलीकडच्या तुमच्या तुकड्यात मात्र पाणी ताटात वाढल्यासारखं नुसतं बसून राहिलं. तुम्ही तो ज्याला कसायला दिला होता, त्या माणसाला आम्ही पंपशेठ म्हणतो, कारण पाठीवर फवारणीचा पंप नसलेला तो कुणी पाहिलेलाच नाही. त्याने तिथे वर्षानुवर्षं फक्त कोबी लावला. झुडपं गेली, बांध चोपून सपाट झाला, गवताचं एक पातं शिल्लक नाही. बघायला छान होतं, खोटं कशाला बोलू, तक्त्यावर आखल्यासारखं. पुराने वरची माती नेली आणि खाली उरलं ते फरशीसारखं, त्यावर हिरवट पाणी.

आता ऐका. पाणी ओसरल्यानंतर एका सकाळी उठलो तर कसला म्हणजे कसला आवाज नाही. पाखरं नाहीत, बेडूक नाहीत, वारा नाही. मी मागचं दार उघडलं आणि तसाच आ वासून उभा राहिलो. शेत नव्हतं. शेताच्या जागी पांढरं काहीतरी होतं. दूध उतू जाऊन गोठावं तसं, बांधापासून विहिरीपर्यंत सलग. मका, त्यावर चढलेला घेवडा, खालचे भोपळ्याचे वेल, सगळं त्या पांढऱ्याखाली. हातगाडी झाकलेली. विहिरीचा रहाट झाकलेला. आणि ते पांढरं, काका, हलत होतं. वारा नसताना सावकाश वर यायचं आणि सावकाश खाली बसायचं. झोपलेल्या माणसाच्या छातीवरचं पांघरूण हलतं ना, तसं.

"अहो, धुकं आहे का?" हिने मागून विचारलं. मी म्हणालो, "हो." मला ते धुकं असायला हवं होतं.

ही पुढे गेली आणि बोटाने शिवून आली. बोटाला धागा चिकटून आला आणि धाग्याच्या टोकाला एक ठिपका चालत आला. कोळी. (जाळी टाकणारे नव्हेत, विणणारे.) लाखो असतील, किंवा मला भीतीने तेवढे दिसले असतील. पाणी चढलं तेव्हा पाचोळ्यातले, बांधातले, गवतातले सगळे जीव मुठीत धरून झाडाच्या शेंड्यांवर चढले होते आणि तिथे अडकल्यावर जमेल ते करत होते. त्यांना एकच काम येतं. हे मी आज इतक्या शहाणपणाने लिहितो आहे, पण त्या सकाळी ना मला काही कळलं, ना हिला. तिचाही चेहरा उतरला होता. पण तिचं असं आहे, की घाबरली की ती कामाला लागते आणि मी घाबरलो की बसतो. ती म्हणाली, "माळ्यावर आळी राहिली तेव्हा आपण कुणाला हाकललं नाही. यांनाही राहू दे." आणि पदर खोचून, वाकून त्या पांढऱ्यात शिरली. पाच-दहा पावलांवर दिसेनाशी झाली. मला नुसती तिची हालचाल दिसत होती, पांघरुणाखालून मांजर जावं तशी.

पण खरी बोबडी वळवणारी गोष्ट निराळीच. ते पांढरं तुमच्या तुकड्याच्या हद्दीवर थांबलं होतं. कात्रीने कापावं तसं सरळ. आमच्या बाजूला बोटभर जागा सुटलेली नाही आणि तुमच्या बाजूला एक धागा नाही. जणू पलीकडे काय आहे ते त्या सगळ्यांना माहीत होतं आणि त्यांनी आपसात काही ठरवलं होतं.

आळीत बोभाटा व्हायला वेळ लागला नाही. कुणी म्हणे शाप, कुणी म्हणे सुनेने काहीतरी पुरलं आहे. जे लोक आदल्या दिवशीपर्यंत माझ्या माळ्यावर माझ्याच उशीवर झोपले होते, ते आपल्या घरावरून जाताना रस्त्याची पलीकडची बाजू धरू लागले. दुरुस्तीला दिलेली घड्याळं लोकांनी परत मागितली, तीही बंद अवस्थेत. आणि भरीस भर म्हणून साचलेल्या पाण्यातून डास निघाले. काय सांगू! ढग असायचे. माणूस बोलायला तोंड उघडायचा आणि वाक्याऐवजी खोकायचा.

अशात मला शेतात बाई दिसली. घराच्या मागच्या खिडकीतून मी सहज पाहिलं, तर मक्याच्या बाजूला एक पांढरी आकृती उभी. खांदे आहेत, कंबर आहे, आणि मानेच्या वर काही नाही. मी भिंग काढलं, चष्मा लावला, तरी तेच. मी खिडकी लावून घेतली. (ती लावल्याने काय होणार होतं ते विचारू नका.) दुसऱ्या दिवशी धीर करून उघडली, तर ती आकृती विहिरीपाशी. त्यानंतर भोपळ्यांच्या वाफ्यात. माझी पाचावर धारण बसली. हिला सांगावं तर ही दिवसभर त्याच शेतात, आणि तिला काही दिसत नाही असं कसं होईल? की तिला दिसत होतं आणि ती बोलत नव्हती? काका, संसारात इतकी वर्षं काढल्यावर एका दुपारी आपण आपल्या बायकोकडे बघून 'ही नक्की तीच ना' असा विचार करतो, ही फार वाईट दुपार असते. मी तिच्या हातचा चहासुद्धा आधी हुंगून प्यायलो.

शेवटी मी खिडकीत ठाण मांडून बसलो. भर उन्हात ती आकृती हलली. मागे मागे सरकत, एका अंगावर कललेली, पाय न उचलता. मी ओरडणार, तेवढ्यात तिच्या काखेतून हिचं डोकं बाहेर आलं. शिंप्याचा पुतळा! पुराने तो आपल्या घेवड्यात आणून उभा केला होता आणि बाकी सगळ्यांसारखा तोही विणला गेला होता. ही जिथे पेरायला जाई तिथे तो आड येई, म्हणून उचलून बाजूला ठेवत होती. "मग जाळं तरी पुसायचं!" मी म्हणालो. ती म्हणाली, "का? त्यांचं घर आहे ते." पुतळ्याबद्दल मला का सांगितलं नाही, तर म्हणे, "तुम्ही कुठे विचारलंत?"

इकडे पंपशेठने आळीची बैठक घेतली. डास कुठून आले? पांढऱ्यातून. रोग कुठून येणार? पांढऱ्यातून. उपाय काय? फवारणी, आणि तीही साधी नाही, दुप्पट कडक. सगळ्यांनी माना डोलावल्या. हिने सांगून पाहिलं, की त्यात माझी उभी पिकं आहेत, आळीत शिल्लक राहिलेलं खाण्याजोगं तेवढंच आहे, पुढचं बियाणंही त्यातूनच निघायचं आहे, आणि विहिरीचं पाणी तर आपण सगळे पितो. पण घाबरलेल्या माणसांना विहीर दिसत नाही. त्या बैठकीहून घरी येऊन ही बरण्यांवरची धूळ पुसत बसली. धूळ नव्हतीच.

ते आले दुपारचे, तुमच्या तुकड्यातून, पाण्यात चुबुक चुबुक करत. पुढे पंपशेठ, मागे त्याची माणसं, आणि सुरक्षित अंतरावर आळी. मी दारात उभा होतो. मला वाटलं होतं पुतळा बघून ते पळतील. पण पंपशेठ हसला. "अरे, हा तर शिंप्याचा!" म्हणाला आणि नळी सरळ केली.

पुढे मी काय केलं ते मी केलं असं मला अजून वाटत नाही. तुम्हाला माहीत आहे, लहानपणी माळ्यावरच्या एका कोळ्यासाठी मी तुम्हाला झोपेतून उठवलं होतं. तोच मी चालत शेतात शिरलो. जाळं पायाला, मग मांडीला, मग छातीला लागलं. आधी फाटत होतं, मग फाटेना. मध्यावर पोचलो, हात पसरले आणि म्हणालो, "मारायचं तर माझ्यासकट मारा." निदान मला तसं म्हणायचं होतं. 'मारायचं' म्हणताच ओठांवर धागा आला आणि पुढचं वाक्य आतच राहिलं.

मग कोळी माझ्यावर चढले. सावकाश, अगदी शिस्तीत. मनगटावरून, कॉलरमधून, कानामागून. चावलं कुणी नाही. मी फक्त सगळ्यांत उंच वस्तू होतो, आणि त्यांना उंच जागा हवी होती. माझ्या पापणीपासून मक्याच्या तुऱ्यापर्यंत कुणीतरी एक धागा नेला. भिंग कपाळावर तसंच राहिलं होतं, ते घसरून डोळ्यावर आलं, आणि भिंगापलीकडे एक जण थांबून माझ्याकडे बघत होता. त्याचे सगळे डोळे माझ्यावर होते. घड्याळाच्या पोटात बघताना मला कधी वाटलं नव्हतं की आतून कुणी बघत असेल. तिथे एक आवाजही होता. बाहेरून जे मुकं वाटत होतं, ते आतून बारीक, अखंड खसखसत होतं. मी श्वास धरला. मग मला वाटलं, ते पांढरं जसं वर-खाली होतंय तसाच मी श्वास घेतोय. कुणी कुणाची नक्कल करत होतं, मला सांगता येणार नाही.

बाहेरून कसं दिसलं ते मागाहून कळलं. आळीच्या देखत एक ओळखीचा माणूस हळूहळू पांढरा होत गेला. पंपशेठच्या माणसांनी पंप तिथेच पाण्यात टाकले आणि धूम ठोकली. पंपशेठ थांबला, पण त्याच्या डोक्याभोवती डासांचा ढग होता. तो स्वतःच्या थोबाडीत मारत होता, या गालावर, त्या गालावर. मारता मारता थबकला. माझ्याकडे बघत राहिला. मग अगदी खालच्या आवाजात, जणू मी आजारी आहे, त्याने विचारलं, "तुम्हाला... चावत नाहीत?"

तेव्हा माझ्याही लक्षात आलं. माझ्याभोवती एक डास नव्हता. होते ते सगळे धाग्यांवर, मोहरी सांडावी तसे काळे. पंपशेठने नळी खाली केली. हद्दीची ती सरळ रेघ त्याने या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली, मग पायाखालचं पाणी पाहिलं. त्याच्या तोंडावर जे आलं ते हरल्याचं नव्हतं. घरी येऊन आपलंच दार आतून बंद दिसावं, तसं होतं. तो आल्या वाटेने परत गेला.

(एवढ्यात शिंपी आपला माणूस न्यायला आला. त्याने प्रेमाने माझ्याच खांद्याला हात घातला, "चल बाबा घरी" म्हणाला आणि उचलायला लागला. मला शिंक आली. त्या शिंपीदादांना शुद्धीवर यायला वेळ लागला आणि ते अजूनही माझं माप घेताना लांबून टेप फेकतात.)

त्यानंतर लोक आधी बांधापर्यंत आले, मग बांधावर बसायला लागले, कारण सगळ्या आळीत डासांविना बसण्याची जागा तीच. मग हळूच विषय निघाले. घेवड्याचं बी मिळेल का, भोपळ्याचं मिळेल का? पुरात सगळ्यांचं एकाच जातीचं, एकाच पुड्यातलं बियाणं कुजलं होतं. हिच्या बरण्यांत मात्र नाना तऱ्हा. पाणी सोसणारं, ऊन सोसणारं, उशिरा येणारं, आणि काही नुसतंच हट्टी. एक जण तर वाटी घेऊन आला आणि लाजत म्हणाला, "वहिनी, थोडे कोळी द्याल का? विरजणापुरते." ही हसली नाही. म्हणाली, कोळी नेऊन राहत नाहीत, त्यांना आवडेल असं शेत करावं लागतं. बी नेणाऱ्या प्रत्येकाला तिने एकच अट घातली, की बांध मोकळा सोडायचा आणि पाचोळा जाळायचा नाही. लोकांनी कबूल केलं. पाळतील का ते बघू.

मग एका स्वच्छ, उबदार सकाळी कोळी गेले. सगळी आळी बघत होती. मक्याच्या शेंड्यावर एकेक ठिपका पाय ताठ करून उभा राही, एक धागा सोडी आणि वर उचलला जाई. आभाळभर चमकणारे केस. कुणाच्या भुवईवर, कुणाच्या कपाळावर येऊन लागत होते, आणि कुणीही झटकले नाहीत. दुपारपर्यंत शेत पुन्हा हिरवं होतं. मला हायसं वाटायला हवं होतं ना? मी आत येऊन विनाकारण दोन चालू घड्याळं उघडून बसलो.

आता तुमच्या तुकड्याविषयी. पाणी सुकल्यावर मी एकदा भर उन्हात तिथे जाऊन उभा राहिलो. बिस्कीट खात होतो, त्याचा चुरा सांडला. दुसऱ्या दिवशी सहज पाहिलं तर चुरा तिथेच. तिसऱ्या दिवशीही तिथेच. काका, एक मुंगी आली नाही. पलीकडे माझ्या उंबऱ्यावर साखरेचा कण पडला तर वरात निघते. मी त्या चुऱ्याकडे बघत उभा होतो, आणि मला जे वाटलं ते त्या पांढऱ्यात गळ्यापर्यंत बुडालेला असतानाही वाटलं नव्हतं. तिथे मला निदान कुणीतरी बघत होतं.

असो. फार लिहिलं. गुडघे जपा, काकूंना नमस्कार, आणि वाहतुकीला जरा सबुरीने घ्या.

तुमचा पुतण्या

ता.क. – पंपशेठने तुमचा तुकडा सोडला आहे. तसं त्याने तुम्हाला कळवलं असेलच. तो सध्या आमच्या बांधावर बसून असतो आणि हिने सांगितलं तर पाचोळा वाहतो.

ता.क. – तुमच्या सुनेचं म्हणणं आहे, की तो तुकडा आम्हाला कसायला द्यावा. पहिली काही वर्षं त्यातून काही मिळणार नाही हेही लिहायला तिने सांगितलं आहे. मी म्हणालो, हे शेवटी लिहितो, आधी काकांना थोडं घाबरवून घेतो.

ता.क. – खरं म्हणजे तिने पेरलं आहे. तुमचं उत्तर यायच्या आत. काही ठिकाणी उगवलंही आहे, बाकी ठिकाणी अजून नाही.

ता.क. (हे अक्षर माझं आहे, यांचं नाही.) मामंजी, नमस्कार. परवानगी द्यायची नसेल तर स्वतः येऊन उपटा. मी अडवणार नाही. जेवायला मात्र थांबा.